डोंगराच्या पोटातली अक्षरे

माझी आई मराठी चौथी पास आहे. वय ऐंशीच्या पुढे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून ती पुन्हा पेपर वाचू लागली, पोथी वाचू लागली आणि मनात आले की पत्रही लिहू लागली. आता पत्रे कोण लिहितो, असे कोणी म्हटले की तिचे उत्तर ठरलेले असते, "फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातंय रे. कागद पेटीत राहतोय." २०२४ च्या मे महिन्यात मी लेकीला भेटायला आर्मेनियाला निघालो, तेव्हा तिने वहीची दोन पाने पाठपोट भरून माझ्या हाती दिली आणि बजावले, "हे तिच्या हातात दे. तू वाचून दाखवू नकोस. तिचं तिला वाचू दे."

ती अट ऐकून मी गप्प राहिलो. पत्र चार घड्या घालून खिशात ठेवले.

गप्प राहण्याचे कारण आधी सांगून टाकतो. मी बेळगावजवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मुख्याध्यापक आहे. नोकरीला लागलो तेव्हा आठवीच्या तीन तुकड्या होत्या. आता एक आहे, आणि तीही भरलेली नसते. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये आम्ही शिक्षक खेडोपाडी हिंडतो, पालकांच्या सोप्यात बसून चहा पितो आणि मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व सांगतो. आणि माझी स्वतःची मुलगी? ती पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेला गेली. पुढे तिला सोपे जावे, एवढाच विचार होता. एका वर्षी एका गावात एका शेतकऱ्याने माझे सगळे भाषण शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तुमची पोरगी कुठल्या शाळेत हाय?" त्या दिवशीचा चहा मला गिळवला नाही.

लेक घरात मराठी बोलते, बाजारात कानडी बोलते. शाळेत तिसरी भाषा हिंदी होती म्हणून छापील देवनागरी वाचते. पण मराठीत तिने कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आजीचे हस्ताक्षर तर तिला मोडीसारखे वाटते. आजीची याआधीची पत्रे मीच तिला फोनवर वाचून दाखवीत असे. आईला ते ठाऊक होते, हे मला त्या अटीवरून कळले.

आमच्या भागातली बरीच मुले हल्ली डॉक्टरीच्या शिक्षणासाठी परदेशी जातात. तशी तीही येरेवानला गेली. शारजामार्गे मी तिथे पोचलो तेव्हा पहाट होत होती. विमानतळाच्या बाहेर आलो आणि समोर आभाळात टेकलेला एक पांढराशुभ्र डोंगर दिसला. "बाबा, तो अरारात," लेक म्हणाली. ५१३७ मीटर उंच. नोहाची नौका प्रलयानंतर जिथे टेकली असे सांगतात, तोच हा डोंगर. आर्मेनियाच्या राजमुद्रेवर तो आहे, दारूच्या बाटलीवर आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे. पण तो आर्मेनियात नाही! तो तुर्कस्तानात आहे, आणि ती सीमा १९९३ साली बंद झाली. रोज सकाळी उठून ज्याला हात जोडावेत तो देव शेजाऱ्याच्या वाड्यात, असा हा प्रकार. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

पहिले दोन दिवस शहर पाहण्यात गेले. आईचे पत्र मी पहिल्याच संध्याकाळी लेकीच्या हाती दिले. तिने उलगडले, दोन ओळींवरून बोट फिरवले आणि परत माझ्याकडे दिले. "बाबा, तुम्हीच वाचा ना. मला दोन तास लागतील." मी आईची अट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "बरं, मग नंतर." पत्र पुन्हा माझ्या खिशात आले.

दुसऱ्या दिवशी तिने मला मातेनादारान दाखवले. हे हस्तलिखितांचे भांडार. दाराशी मेस्रोप माश्तोत्स यांचा भव्य पुतळा आहे. ख्रिस्ती धर्म राज्यधर्म म्हणून प्रथम स्वीकारणारा देश आर्मेनिया, आणि त्याचे परंपरेने मानले जाणारे वर्ष ३०१. पण धर्मग्रंथ वाचायचे ते ग्रीक नाहीतर सिरियाक भाषेत. लोकांना कळणार काय? म्हणून सुमारे ४०५ साली या माश्तोत्स नावाच्या साधूने ३६ अक्षरांची लिपी तयार केली. आमच्याकडे धर्मग्रंथांतले ज्ञान मराठीत आणावे म्हणून ज्ञानेश्वर माउली तेराव्या शतकात झटले. इथे त्याच तळमळीपोटी आधी अक्षरेच घडवावी लागली. पुढे राज्य कधी इराणचे, कधी अरबांचे, कधी तुर्कांचे, कधी रशियाचे आले. अक्षरे तीच राहिली.

तिथे काचेआड एक प्रचंड ग्रंथ आहे. मुश गावच्या मठातला, तेराव्या शतकाच्या आरंभी चामड्याच्या पानांवर लिहिलेला. वजन सुमारे २८ किलो. १९१५ साली ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांचा संहार झाला, तेव्हा दोन बायांनी तो उचलला. एकीला पेलेना म्हणून त्याचे दोन भाग केले. एक भाग पायी चालत एच्मियाद्झिनच्या मठात पोचला, दुसरा वाटेत पुरून ठेवला गेला आणि पुढे सापडला. पळून जाणारा माणूस सोने घेतो, भाकरी घेतो. या बायांनी पुस्तक घेतले! मी त्या काचेपुढे बराच वेळ उभा राहिलो. खिशातली दोन पाने तेव्हा फार हलकी वाटत होती आणि फार जडही.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेघार्दला निघालो. येरेवानपासून पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटर. टॅक्सीचा ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, थोडे इंग्रजी जाणणारा, उरलेले लेकीशी आर्मेनियनमध्ये बोलणारा. रुग्णांशी बोलता यावे म्हणून परदेशी विद्यार्थ्यांना ती भाषा शिकावी लागते. लेक तिच्यात भराभर बोलत होती आणि वाटेवरच्या पाट्या मला वाचून दाखवत होती. मला 'धन्यवाद' म्हणायला तिने 'श्नोर्हाकालुत्यून' असा शब्द शिकवला. तो माझ्या जिभेवर काही केल्या बसेना. तेव्हा ड्रायव्हरच म्हणाला, "मेर्सी म्हणा. आम्हीही तेच म्हणतो."

बोलता बोलता कळले की तो काराबाखचा. २०२३ च्या सप्टेंबरात आठवडाभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे तिथून घरेदारे सोडून आर्मेनियात आली, त्यांतला तो एक. तिकडे तो शाळेत गणित शिकवत होता. मी मुख्याध्यापक आहे असे लेकीने सांगताच त्याने गाडीचा वेग कमी केला आणि समोरच्या कप्प्यातून एक निळी वही काढून मला दिली. ते त्याच्या वर्गाचे हजेरीपत्रक होते. निघताना हाती लागले म्हणून घेतले, म्हणाला. मुले आता वेगवेगळ्या गावी विखुरली आहेत. कोण कुठे आहे हे कळले की तो त्या नावापुढे गावाचे नाव लिहितो. चार-पाच नावांपुढची जागा अजून रिकामी होती.

त्याने मला विचारले, "तुमच्या भागात सीमेचा प्रश्न आहे, असं तुमची मुलगी सांगत होती." मी १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा असे सांगायला तोंड उघडले आणि थांबलो. पाट्या, परिपत्रके, मोर्चे, लाठ्या हे सारे आम्ही पाहिले आहे. त्याचे दुःख खरे आहे. पण माझे घर माझ्या जागेवर उभे आहे, आणि मी परत जाणार होतो तो त्याच घरात. उद्या माझ्या शाळेचा पट रिकामा झालाच, तर तो कोणी बंदूक रोखून केलेला नसेल. त्यात माझ्या पिवळ्या बसचाही वाटा असेल. मी त्याला एवढेच म्हणालो, "आहे. पण तुमच्याएवढा नाही."

वाटेत गार्नीचे मंदिर लागते. काळसर बसाल्टचे, चोवीस खांबांचे, ग्रीक धाटणीचे. हे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीचे. १६७९ च्या भूकंपात कोसळले आणि १९६९ ते १९७५ या काळात त्याच दगडांतून पुन्हा उभारले. तिथून पुढे रस्ता आझात नदीच्या घळईत शिरतो. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. एका वळणावर रस्ता संपतो आणि समोर कड्याला पाठ लावून बसलेला मठ दिसतो.

मठ म्हटला की आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दासोहाची पंगत आणि मोठे आवार येते. इथेही दारात जत्रेचेच वातावरण होते. बाया 'गाता' नावाची मोठी गोल गोड रोटी विकत होत्या, द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या आक्रोडाच्या माळा टांगल्या होत्या. प्रवेशाजवळच्या कड्यात लहान लहान खोबण्या आहेत. लोक खाली उभे राहून त्यात खडे फेकतात. खडा अडकला तर मनातली इच्छा पुरी होते म्हणे. ओढ्यापलीकडच्या झाडांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. नवस फेडायला इथे कोंबडा नाहीतर मेंढा कापतात आणि ते अन्न वाटतात, हे ऐकून तर मला सौंदत्तीच्या वाटेवरची गावे आठवली. माणूस कुठल्याही धर्माचा असो, देवाशी त्याचे बोलणे एकाच भाषेत चालते.

या जागेचे जुने नाव आयरिवांक, म्हणजे गुहांचा मठ. चौथ्या शतकात संत ग्रेगरी यांनी इथल्या गुहेतल्या झऱ्याशी तो स्थापला, अशी परंपरा आहे. दहाव्या शतकात अरब सुभेदाराच्या सैन्याने तो लुटून जाळला. त्यात हस्तलिखितेही गेली. आज दिसतो तो मठ मुख्यतः तेराव्या शतकातला. येशूला क्रूसावर ज्या भाल्याने टोचले तो इथे ठेवला होता अशी श्रद्धा आहे, म्हणून गेघार्द, म्हणजे भाला, हे नाव. तो भाला आता एच्मियाद्झिनच्या संग्रहात असतो. २००० साली या मठाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

बाहेरचे मुख्य चर्च १२१५ सालचे, बांधलेले. पण त्याच्या पाठीमागे शिरले की बांधकाम संपते आणि डोंगर सुरू होतो. पुढच्या खोल्या, खांब, कमानी, घुमट सगळे एका दगडातून कोरून काढलेले. वेरूळचे कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले, हे आपण मुलांना शिकवतो. इथेही कारागीर वरून खाली उतरले, फक्त हे सारे डोंगराच्या पोटात. घुमटाच्या माथ्यावर एक भोक आहे. उजेड येतो तो तेवढ्यातूनच.

पहिल्या खोदीव चर्चच्या कोपऱ्यात तो झरा अजून वाहतो. लोक ओंजळीने पाणी पीत होते, बाटल्या भरून घेत होते. मीही प्यालो. दात कळवळले. हे चर्च कोरणाऱ्या गाल्द्झाक नावाच्या स्थपतीचे नाव इथे दगडातच आहे. अजिंठा-वेरूळ कोणी कोरले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. इथे एकाचे तरी नाव राहिले. शेजारी प्रोश्यान सरदारांच्या थडग्यांची खोली. भिंतीवर एका पशूच्या मुखातून साखळी निघाली आहे, तिने दोन सिंहांच्या माना बांधल्या आहेत आणि मधे पंजात कोकरू धरलेला गरुड आहे. भिंतीभिंतीवर खाचकार. 'खाच' म्हणजे क्रूस, 'कार' म्हणजे दगड. आपल्या मराठीतही कोरलेल्या चरीला खाच म्हणतात. हा योगायोगच, पण मला गंमत वाटली. आपल्या गावांच्या वेशीवर वीरगळ असतात तसेच हे दगड. मेलेल्याच्या नावाने उभे केलेले, पण जिवंतांशी बोलणारे.

बाहेरच्या पायऱ्या चढून बोगद्यासारख्या वाटेने आम्ही वरच्या दालनात गेलो. हे १२८८ चे. पापाक आणि त्याची बायको रुझुकान यांची थडगी इथे आहेत. जमिनीला एक भोक आहे, त्यातून खालची खोली दिसते. आत कुठल्याशा गावाहून आलेल्या पाच-सहा बाया उभ्या होत्या. एकीने अगदी हलका सूर लावला, दुसऱ्या मागून आल्या. वाद्य नाही, काही नाही. पण तो सूर खांबांना, छताला लागून असा परत आला की गाते आहे कोण, बाया की डोंगर, हे कळेना. ड्रायव्हर दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याच्याकडे मी पुन्हा पाहिले नाही.

गाणे थांबल्यावर लेक भिंतीशी गेली. तिथे ओळीच्या ओळी कोरलेल्या होत्या. तिने मोबाइलचा उजेड पाडला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. शब्द एकमेकांना चिकटलेले, काही अक्षरे एकमेकांत गुंतलेली. ती अडखळत होती, मागे येत होती, पुन्हा पुढे जात होती. "अर्थ कळत नाही बाबा, भाषा जुनी आहे. पण अक्षरं लागतायत. बघा, हा 'आ', हा 'न'." साडेसातशे वर्षांपूर्वीच्या दगडावरची अक्षरे माझी मुलगी दोन वर्षांच्या अभ्यासावर लावत होती. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी आत काहीतरी तुटले. मी बोलू नये ते बोललो. "आजीची लावायला मात्र दोन तास लागतात."

तिने उजेड बंद केला. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "ही मला कुणीतरी शिकवली, बाबा. ती मला कुणी शिकवलीच नाही."

त्या दालनात हलका शब्दही फिरून परत येतो. हाही आला.

बाहेर ओढ्याकाठी आम्ही एका दगडावर बसलो. ड्रायव्हर गाता घेऊन आला, तिघांनी तोडून खाल्ली. हात झटकून लेकीने हात पुढे केला. "पत्र द्या." मी दिले. ती वाचू लागली, मघा भिंतीवर वाचत होती तशीच, बोट ठेवून. आई शब्दांत जागा सोडत नाही, त्यांच्या शाळेत पाटीवर जागा कमी असायची म्हणे. 'ळ' पाशी लेक अडली, 'ज्ञ' पाशी अडली. मी सांगायला तोंड उघडले आणि मिटले. ड्रायव्हरने मला खुणेने विचारले, काय चालले आहे? मी म्हणालो, "परीक्षा." तो म्हणाला, "कुणाची?" मास्तरच तो! त्याला बरोबर कळले होते.

पत्रात विशेष काही नव्हते. म्हैस व्याली. परसातला फणस यंदा भरपूर लागला. थंडीत डोके झाकून घे. तुझ्या बापाला रागावू नकोस, त्याने आपल्याकडून बरेच केले. या शेवटच्या ओळीपाशी तिचे बोट थांबले. ती तिने मोठ्याने वाचली नाही. मी वरून वाचली.

परतीच्या वाटेवर मला दोन गोष्टी आठवत राहिल्या. आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक, 'अझ्दरार', १७९४ साली निघाले ते आर्मेनियात नव्हे, आपल्या मद्रासमध्ये. हारुत्यून श्मावोनियान या धर्मगुरूंनी ते तमिळ मुलखात बसून छापले. दुसरी गोष्ट श्रवणबेळगोळची. गोमटेश्वराच्या पायाशी कानडी, तमिळ आणि मराठी लेख एकाच दगडावर शेजारी शेजारी आहेत. हजार वर्षे झाली, त्यांचे भांडण झालेले नाही. भाषा दुसऱ्याच्या मुलखातही जगते, दुसऱ्या भाषेच्या शेजारीही जगते. ती मरते ती आपल्याच घरात, कोणी शिकवायला बसले नाही म्हणून.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी फार मोठे काही केले नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी एक तास मराठी वाचनाचा ठेवला. पहिल्या शनिवारी चार मुले आली, त्यांतले एक कानडी घरचे. पुढच्या शनिवारी तीन आली. चालू आहे. त्या मे महिन्यापासून मी पालकांच्या सोप्यात बसलो की माझ्या मुलीची गोष्ट आधी मीच सांगतो. मग पुढचा चहा गोड लागतो.

श्रावणात एक जाड पाकीट आले. आत वहीचे एक पान, मोठ्या अक्षरांत अकरा ओळी. ऱ्हस्व-दीर्घ सगळे उलटेपालटे, 'आजी'ची वेलांटी चुकीच्या बाजूला. लाल पेन खिशात होते. मी ते काढले नाही. ड्रायव्हरच्या वहीत आणखी दोन नावांपुढे गाव लिहिले गेले, असेही त्यात होते. आईने चष्मा लावून ते पान दोनदा वाचले, पेटी उघडली आणि माझ्या वडिलांच्या पत्रांच्या पुडक्यात ठेवले.

"हिला लिहायला किती वेळ लागला असेल रे?" तिने विचारले.

"दोन तास तरी."

"लागू दे की," आई म्हणाली आणि उत्तर लिहायला वही मागितली.